जुन्या स्पोर्ट्स मोटारीत मोठे एंजिन : एक यांत्रिक व वैधानिक विचार

एंजिन हा मोटारीचा बदलता येण्याजोगा एक सुटा भाग मानावयाचा, की तिच्या समग्र रचनेचे सूत्र मानावयाचे, हा प्रश्न वरवर पाहता केवळ तात्त्विक वाटतो. परंतु अंधेरी, घाटकोपर अथवा मुलुंड येथील एखाद्या गॅरेजात पन्नास-साठ वर्षांपूर्वीची दोन बैठकांची मोटार उभी असते, तिचे मूळ एंजिन झिजलेले असते, आणि त्याच्या जागी अधिक क्षमतेचे एंजिन बसवावे अशी मालकाची इच्छा असते. त्या वेळी हाच प्रश्न व्यावहारिक रूप धारण करतो. मिस्त्री जागा मोजतो, आधाराच्या पट्ट्या कोठे जोडता येतील ते पाहतो आणि 'बसेल' असे सांगतो. त्याचे म्हणणे बहुधा खरे असते. मात्र एंजिन बसणे ही एक गोष्ट आणि ते बसल्यावर मोटार मोटार म्हणून टिकणे ही दुसरी गोष्ट होय. या दोहोंतील अंतर किती व कशामुळे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी प्रथम मुंबईतील या प्रथेची पार्श्वभूमी, नंतर वजन, परिबल, उष्णता व गतिरोध हे यांत्रिक प्रश्न आणि अखेरीस २०२१ पासून बदललेली कायद्याची परिस्थिती, असा क्रम ठेविला आहे.

१. मुंबईतील पार्श्वभूमी

पाश्चात्त्य देशांत मोठे एंजिन बसविण्याची प्रथा वेगाच्या हौसेतून वाढली. मुंबईत तिचा उगम मुख्यतः टंचाईत आहे. जनरल मोटर्सचा शिवडी येथील जुळणी-कारखाना १९२८ मध्ये सुरू झाला होता. १९५३ मध्ये शासनाने असे धोरण स्वीकारले की, ज्या कंपन्यांपाशी देशातच क्रमाक्रमाने निर्मिती करण्याचा कार्यक्रम नाही त्यांनी केवळ सुट्या भागांची जुळणी चालू ठेवू नये. परिणामी परदेशी कंपन्यांनी येथील जुळणी आवरती घेतली आणि त्यांच्या गाड्यांचे सुटे भाग दुर्मिळ झाले. ज्या गाड्या रस्त्यावर होत्या त्या चालू ठेवण्यास मिळेल ते एंजिन बसविणे हा एकच उपाय अनेकांपुढे उरला. मोठ्या अमेरिकन गाड्यांत डिझेल एंजिने बसविली गेली ती याच कारणाने. तेथे वेग वाढविण्याचा विचारही नव्हता.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कुर्ला येथील कारखाना या दृष्टीने उद्‌बोधक आहे. इटलीत फियाट ११०० डी या गाडीस १२२१ घन सेंटिमीटरचे एंजिन होते; कुर्ल्याहून निघालेल्या तिच्या भारतीय भगिनीस, म्हणजे पुढे 'पद्मिनी' या नावाने प्रसिद्ध झालेल्या गाडीस, १०८९ घन सेंटिमीटरचे एंजिन मिळाले. याच पद्मिनीत नंतर १३६६ घन सेंटिमीटरचे डिझेल एंजिन बसविण्यात आले. आकार एक चतुर्थांशाने वाढला, परंतु हेतू शक्तीचा नसून इंधनाचा खर्च कमी करण्याचा होता. १९८५ मध्ये याच कंपनीने '११८ एन.ई.' ही गाडी बाजारात आणली. तिचे शरीर फियाट १२४ चे व एंजिन निसानचे होते. फियाट १२४ चे मूळ एंजिन ११९७ घन सेंटिमीटरचे, तर निसानचे ११७१ घन सेंटिमीटरचे. म्हणजे येथे अदलाबदल झाली ती किंचित लहान एंजिनाकडे. तात्पर्य, एंजिन बदलण्याचा निर्णय घन सेंटिमीटरच्या आकड्यावरून झालेला नाही. उपलब्धता, इंधन आणि गीअरबॉक्स यांच्या एकत्रित विचारावरून झालेला आहे.

स्पोर्ट्स मोटारींच्या बाबतीत आणखी एक योगायोग ध्यानात घेण्यासारखा आहे. अँबॅसिडर गाडीत अनेक दशके बसविले गेलेले १४८९ घन सेंटिमीटरचे एंजिन हे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी' मालिकेतील होय. १९५५ मध्ये निघालेल्या एम.जी.ए. या स्पोर्ट्स मोटारीचे एंजिन त्याच मालिकेतील व तेवढ्याच आकाराचे होते. १९६२ च्या एम.जी.बी. चे १७९८ घन सेंटिमीटरचे एंजिन हे त्याच घराण्याचे वाढविलेले रूप होय. ओल्या पावसाळ्यात कल्याणच्या घाटरस्त्याने कुरकुरत जाणारी अँबॅसिडर आणि इंग्लंडमधील शर्यतीत धावणारी एम.जी. यांचे एंजिन सख्ख्या भावंडांचे असावे, ही गोष्ट प्रथमदर्शनी खरी वाटत नाही. कार्ब्युरेटरची संख्या, दाबाचे गुणोत्तर आणि झडपा उघडणाऱ्या दंडाचा आकार एवढ्या भेदाने एकाच ठोकळ्याचे स्वभाव किती वेगळे होतात, याचे हे उत्तम उदाहरण आहे. मोठे एंजिन शोधण्यापूर्वी मूळ एंजिनातील ही क्षमता विचारात घेणे इष्ट होय.

२. वजनाचा प्रश्न

एम.जी.बी. या एकाच गाडीवर तिच्या निर्मात्यांनी मोठे एंजिन बसविण्याचा प्रयोग दोनदा केला. दोन्ही वेळा शरीर जवळजवळ तेच होते. त्यामुळे अभ्यासकास येथे एक नियंत्रित प्रयोगच आयता लाभला आहे.

पहिला प्रयोग १९६७ चा. एम.जी.सी. या नावाने निघालेल्या गाडीत २९१२ घन सेंटिमीटरचे सहा सिलिंडरांचे बीडाचे एंजिन बसविण्यात आले. मूळ एंजिनापेक्षा ते सुमारे ९५ किलोग्रॅम जड होते. याचा परिणाम साध्या हिशेबाने काढता येतो. गाडीचे वजन ९४० किलोग्रॅम व त्यातील ५३ टक्के भार पुढील चाकांवर आहे असे धरू. म्हणजे पुढे ४९८ व मागे ४४२ किलोग्रॅम. दोन धुऱ्यांमधील अंतर २.३१ मीटर आहे. वाढीव वजनाचा मध्य पुढील धुऱ्याच्या १० सेंटिमीटर मागे येतो असे मानल्यास, मागील धुऱ्याभोवती परिबले घेऊन, ९५ पैकी सुमारे ९१ किलोग्रॅम पुढील चाकांवर पडतात आणि मागे केवळ ४ उरतात. पुढील भार ५८९ किलोग्रॅम होतो. एकूण १०३५ शी त्याचे प्रमाण जवळजवळ ५७ टक्के येते. प्रत्यक्ष गाडीत हे प्रमाण सुमारे ५६ टक्के होते.

तीन-चार टक्क्यांचा हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. वळणावर तो तसा राहत नाही. पुढील टायरांना वळण्यासाठी लागणारे पार्श्वबल वाढते, पण त्यांची पकड भाराच्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून गाडीचे नाक वळणाबाहेर जाऊ पाहते. एम.जी.सी. च्या अभिकल्पकांना पुढील गुंडाळी-स्प्रिंगांऐवजी पीळ-दांडे योजावे लागले, चाके १४ इंचांवरून १५ इंचांची करावी लागली, सुकाणू हलके पडावे म्हणून त्याच्या दंतपट्टीचे प्रमाण बदलावे लागले आणि बॉनेटवर उंचवटा काढावा लागला. एवढे करूनही ही गाडी १९६९ मध्ये बंद झाली.

दुसरा प्रयोग १९७३ चा. या वेळी ३५२८ घन सेंटिमीटरचे आठ सिलिंडरांचे रोव्हर एंजिन घेतले गेले. त्याचे मूळ अमेरिकेतील ब्यूइक कंपनीच्या एंजिनात होते व रोव्हरने त्याचे हक्क १९६५ मध्ये मिळविले होते. आकार पहिल्या प्रयोगापेक्षाही मोठा, परंतु ठोकळा ॲल्युमिनियमचा. त्यामुळे वजन मूळच्या चार सिलिंडरी बीडाच्या एंजिनाइतकेच, किंबहुना किंचित कमी होते. पुढील स्प्रिंगांची मूळ रचना कायम ठेवता आली. मूळच्या दुप्पट आकाराचे एंजिन सुखाने सामावले गेले आणि त्याहून लहान एंजिनाने मात्र गाडीचा तोल बिघडविला. यावरून निघणारा पहिला सिद्धान्त असा की, गाडीस घन सेंटिमीटर जाणवत नाहीत. किलोग्रॅम आणि त्यांचे स्थान जाणवते.

३. परिबल आणि त्याचा मार्ग

एंजिनाने निर्माण केलेले परिबल, म्हणजे फिरविण्याची क्षमता, क्लच, गीअरबॉक्स, लांब दांडा, मागील धुऱ्यातील दंतचक्रे व अर्धधुरे या क्रमाने चाकांपर्यंत पोहोचते. या साखळीतील प्रत्येक दुवा मूळ एंजिनाच्या अंदाजाने केलेला असतो. एम.जी.बी. च्या मूळ एंजिनाचे महत्तम परिबल सुमारे १४९ न्यूटन-मीटर होते. रोव्हर एंजिनाचे सुमारे २६२, म्हणजे ७६ टक्क्यांनी अधिक.

निर्मात्यांनी मागील धुऱ्याचे प्रमाण ३.९१ वरून ३.०७ वर आणले. याचा लाभ दुहेरी होता. त्याच वेगाला एंजिनाचे फेरे सुमारे २१ टक्क्यांनी घटले. आणि सरळ गीअरमध्ये धुऱ्यावरील परिबल ५८३ ऐवजी ८०४ न्यूटन-मीटर, म्हणजे ७६ ऐवजी ३८ टक्क्यांनीच वाढले. परंतु येथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. धुऱ्याचे प्रमाण बदलल्याने गीअरबॉक्सचा भार कमी होत नाही, कारण गीअरबॉक्स या बदलाच्या अलीकडे आहे. त्याच्या दातांवर पूर्ण ७६ टक्क्यांची वाढ येतेच. याच कारणाने या गाडीत तिसऱ्या गीअरवर चालणारी 'ओव्हरड्राइव्ह' ही सोय काढून टाकावी लागली व ती केवळ चौथ्या गीअरपुरती ठेवण्यात आली. कारखान्याने, सर्व साधने हाताशी असता, जी मर्यादा मान्य केली ती उपनगरातील गॅरेजला ओलांडता येईल असे मानणे धाडसाचे होईल.

म्हणूनच अनुभवी मिस्त्री एंजिन एकटे घेत नाहीत. त्याच्या जोडीचा गीअरबॉक्सही घेतात. प्रीमियरने ११८ एन.ई. मध्ये निसानचे एंजिन घेताना गीअरबॉक्सही निसानचाच घेतला, आणि हिंदुस्थान मोटर्सने १९९० नंतरच्या दशकात अँबॅसिडरमध्ये इसुझूचे १८१७ घन सेंटिमीटरचे एंजिन बसविताना त्यासोबत पाच गतींचा गीअरबॉक्स दिला, तो याच नियमास धरून होय.

४. जागा व उष्णता

१९६४ मध्ये निघालेली सनबीम टायगर ही मूळच्या १५९२ घन सेंटिमीटरच्या अल्पाइन गाडीत फोर्डचे ४२६१ घन सेंटिमीटरचे आठ सिलिंडरी एंजिन बसवून तयार झाली होती. एंजिनास जागा मिळावी म्हणून सुकाणूची सर्व यंत्रणा बदलावी लागली. तरीही जागा इतकी अपुरी की, मागील कोपऱ्यातील एक प्लग बॉनेट उघडून काढता येत नसे. एंजिन व बैठक यांमधील पत्र्याला ठेवलेल्या छिद्राचे रबरी बूच काढून बैठकीच्या बाजूने हात घालावा लागे. देखभालीचा विचार न करता बसविलेले एंजिन पुढील सर्व मालकांस व मिस्त्रींस कायमचा त्रास देते, हा बोध यातून घ्यावयाचा.

उष्णतेचा प्रश्न मुंबईत अधिक तीव्र होतो. पेट्रोल एंजिनात इंधनातील ऊर्जेचा ढोबळ मानाने एक चतुर्थांश ते एक तृतीयांश भाग उपयुक्त कार्यात रूपांतरित होतो; उरलेली ऊर्जा बहुतांशी निकास-वायूंतून व थंड करणाऱ्या पाण्यातून बाहेर पडते. मोकळ्या रस्त्यावर गाडीच्या गतीनेच रेडिएटरमधून हवा वाहते. पश्चिम द्रुतगती मार्गावर अथवा कुर्ला–घाटकोपर–मुलुंड असा जाणाऱ्या लालबहादूर शास्त्री मार्गावर सायंकाळी गाड्या उभ्या-उभ्या सरकतात, तेव्हा ही हवा मिळत नाही. त्या वेळी एंजिनाची महत्तम शक्ती वापरली जात नसते. तरीही मोठे एंजिन केवळ स्वतः फिरत राहण्यासाठीच लहान एंजिनापेक्षा अधिक इंधन जाळते आणि ती सर्व उष्णता अरुंद बॉनेटखाली साठते. पाणी उकळते, कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या नळीत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो. एम.जी. च्या आठ सिलिंडरी गाडीस इंग्लंडच्या थंड हवेतही दोन विद्युत पंखे द्यावे लागले होते. मे महिन्यातील अंधेरीसाठी रेडिएटर व पंखा यांचा हिशेब उभ्या गाडीच्या स्थितीवरून करावयास हवा. धावत्या गाडीवरून केलेला हिशेब येथे निरुपयोगी ठरतो.

५. गतिरोध व सांगाडा

गाडी थांबविताना ब्रेकना जी ऊर्जा शोषून घ्यावी लागते ती वस्तुमानाच्या प्रमाणात व वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मोठ्या एंजिनामुळे गाडी १० टक्क्यांनी जड झाली व चालक ६० ऐवजी ८० किलोमीटर वेगाने जाऊ लागला, तर ही ऊर्जा १.१० गुणिले १.७८, म्हणजे जवळजवळ दुप्पट होते. वेग वाढविणारा बदल करून ब्रेक मूळचेच ठेवणे हा या क्षेत्रातील सर्वांत सामान्य व सर्वांत घातक प्रमाद होय. त्याची शिक्षा मालकापुरती मर्यादित राहत नाही. रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्यासही ती भोगावी लागते.

सांगाड्याची मर्यादा एसी कंपनीच्या कोब्रा मोटारीच्या इतिहासात स्पष्ट दिसते. सुमारे दोन लिटरच्या एंजिनासाठी आखलेल्या एस या गाडीत कॅरोल शेल्बी यांच्या प्रेरणेने १९६२ मध्ये फोर्डचे ४.२ लिटरचे व नंतर ४.७ लिटरचे एंजिन बसविण्यात आले. हे बदल मूळ रचनेने पेलले. परंतु ७ लिटरचे एंजिन घेण्याची वेळ आली तेव्हा १९६५ मध्ये सांगाडाच नव्याने आखावा लागला : ३ इंच व्यासाच्या मुख्य नळ्यांऐवजी ४ इंच व्यासाच्या नळ्या आल्या आणि आडव्या पाट्यांची जागा गुंडाळी-स्प्रिंगांनी घेतली. एका मर्यादेपलीकडे एंजिन बदलणे म्हणजे गाडीच बदलणे, असा याचा अर्थ आहे.

ही मर्यादा प्रथमच ओळखून उलट दिशेने विचार करणारे एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. अलिबागनजीक कार्लेखिंड येथील चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या धर्तीची हलकी, उघडी मोटार तयार केली व तीत इसुझूचे १.८ लिटरचे एंजिन योजले. अँबॅसिडरसारख्या जड गाडीत सामान्य वाटणारे एंजिन अल्प वजनाच्या गाडीत सर्वस्वी निराळे भासते. शक्ती वाढविणे आणि वजन घटविणे या दोन मार्गांपैकी दुसरा मार्ग ब्रेक, टायर व सांगाडा या सर्वांचा भार एकाच वेळी हलका करतो.

६. कायदा आणि वारसा

आतापर्यंतचे सर्व प्रश्न द्रव्य व कौशल्य यांनी सुटण्यासारखे आहेत. पुढील प्रश्न तसा नाही.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी-प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूलतः नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कठोर अर्थ ग्राह्य धरला. एंजिनाचा क्रमांक व क्षमता या दोन्ही गोष्टी प्रमाणपत्रात नोंदलेल्या असतात. त्यामुळे मोठे एंजिन बसविलेली गाडी परिवहन कार्यालयातील तपासणीत नोंदीशी जुळत नाही. अपघात घडल्यास विम्याच्या दाव्यातही ही विसंगती पुढे येऊ शकते. याच कलमात निराळ्या इंधनावर अथवा विद्युत घटावर वाहन चालावे म्हणून विहित अटींनुसार एंजिनात बदल करण्यास वाट ठेविली आहे. म्हणजे जुन्या गाडीत मान्यताप्राप्त विद्युत संच बसविण्याचा विचार कायद्याच्या चौकटीत करता येतो. केवळ शक्ती वाढविण्यासाठी मोठे पेट्रोल एंजिन बसविण्याचा नाही.

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऐतिहासिक वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद झाली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात राखलेले, आणि सांगाडा, शरीर अथवा एंजिन यांत लक्षणीय फेरफार न झालेले दुचाकी वा चारचाकी वाहन या वर्गात येते. त्यास 'व्ही.ए.' या अक्षरांचा विशेष क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असते व ती दहा वर्षे ग्राह्य असते. मात्र ते वाहन नित्याच्या अथवा व्यापारी वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. या व्याख्येने आपल्या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर देऊन टाकले आहे : एंजिन हे कायद्याच्या दृष्टीने गाडीच्या ओळखीचेच अंग आहे. ते बदलणारा मालक अधिक शक्ती मिळवितो आणि त्याच क्षणी गाडीचा ऐतिहासिक दर्जा धोक्यात घालतो.

येथे टंचाईच्या काळातील मालकांवर काहीसा अन्याय होतो, हेही नमूद केले पाहिजे. ज्यांनी मिळेल ते एंजिन बसवून गाडी भंगारात जाण्यापासून वाचविली, त्यांच्या गाड्या या व्याख्येत सहजी बसत नाहीत. ज्या गाड्या छपराखाली निश्चल पडून राहिल्या त्या मात्र बसतात. वास्तविक डिझेल एंजिन बसविलेली जुनी अमेरिकन गाडी हा मुंबईच्या आर्थिक इतिहासाचा अधिक बोलका पुरावा होय. असे पुरावे किती शीघ्रतेने नाहीसे होतात ते पद्मिनी टॅक्सीने दाखविले आहे. शेवटच्या नोंदलेल्या टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या रस्त्यावरून गेली.

७. समारोप

उपरिनिर्दिष्ट विवेचनावरून मालकास व अभ्यासकास काही क्रम सुचविता येतो. प्रथम मूळ एंजिन दुरुस्त होऊ शकते काय ते पाहावे. त्यानंतर त्याच घराण्यातील भागांनी त्याची क्षमता वाढविता येते काय ते पाहावे. बदल अपरिहार्यच असेल, तर नव्या एंजिनाची शक्ती विचारण्यापूर्वी त्याचे वजन व स्थान विचारावे. ब्रेक, रेडिएटर व गीअरबॉक्स यांची सिद्धता एंजिनाच्या आधी करावी. आणि परिवहन कार्यालयाची पूर्वसंमती मिळाल्याविना कामास हात घालू नये. सांगाड्याचा मूळ पत्रा कापू अथवा ठोकू नये. मूळ एंजिन, त्याच्या क्रमांकासह, तेल लावून जपून ठेवावे व त्यासोबत केलेल्या प्रत्येक बदलाची तारीखवार नोंद ठेवावी. जो बदल मागे फिरविता येतो तो पुढील पिढीचा हक्क हिरावून घेत नाही. गॅरेजातील मिस्त्रीने 'बसेल' असे म्हटल्यावर मालकाने त्यास विचारावयाचा प्रश्न एवढाच आहे : हे पुन्हा काढून मूळचे बसविता येईल काय? या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असल्यास काम तेथेच थांबविणे श्रेयस्कर होय.